नोंद एक, वह्या दोन : बांधावरचा मोबाईल आणि ऑफिसातला संगणक यांचा मेळ



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहीत असतो. यावेळचा विषय खताचा नाही आणि पाण्याचाही नाही. पण तो चुकला तर नुकसान तेवढेच होते, म्हणून मुद्दाम घेतला आहे. विषय आहे ऊस नोंदीचा. शेताच्या बांधावर चिटबॉय मोबाईलमध्ये नोंद करतो, आणि गट ऑफिसात संगणकातही तीच नोंद असते. या दोन नोंदी एकमेकींशी जुळत्या कशा ठेवायच्या, हे आपण आज समजून घेऊ.

गेल्या हंगामात एका गट सभेत एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, माझी लागण जुलैची. पावती खिशात हाय. आन् तोडणीच्या यादीत मी ऑगस्टवाल्यांच्या रांगंत! आता ही पावती खरी, का तुमचा कॉम्प्युटर खरा?"

सभेत हशा पिकला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न रास्त होता आणि उत्तर आमच्याजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही कागद आणि संगणक दोन्ही काढून बसलो. चूक सापडली. ती सभासदांची नव्हती, आमच्या खात्याची होती. ती आधी सांगतो, कारण पुढचा सगळा धडा तिच्यातूनच निघतो.

काय घडले?

सदर सभासदांची आडसाली लागण १८ जुलैची. चिटबॉयने बांधावर उभे राहून मोबाईलमध्ये नोंद केली, पण महिन्याच्या रकान्यात बोट घसरले आणि जुलैऐवजी ऑगस्ट पडला. संध्याकाळी ती नोंद गट ऑफिसच्या संगणकात गेली. पावती निघाली ती १८ ऑगस्टची.

सभासदांच्या नातवाने घरी पावती वाचली आणि चूक दाखवली. सभासद दुसऱ्याच दिवशी गट ऑफिसात आले. क्लार्कने संगणकात तारीख १८ जुलै अशी दुरुस्त केली आणि नवी पावती हातात दिली. इथपर्यंत सर्व ठीक झाले.

पण चिटबॉयच्या मोबाईलमध्ये अजून जुनीच १८ ऑगस्ट होती. ऑफिसात झालेली दुरुस्ती त्याच्या मोबाईलात उतरलीच नव्हती. बारा दिवसांनी तो प्लॉट पाहायला गेला, तेव्हा जात चुकलेली त्याच्या ध्यानात आली. नोंदीत फुले २६५ होते, शेतात को ८६०३२ उभा होता. त्याने मोबाईलमध्ये जात दुरुस्त केली. काम चोख केले. संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर 'सिंक'चे बटण दाबले.

मोबाईलने काय केले? फक्त जात पाठवली नाही, आख्खी नोंद पाठवली. त्यात नवी जात होती आणि जुनी चुकीची तारीखही होती. संगणकाने पाहिले की ही नोंद आपल्या नोंदीपेक्षा नंतरची आहे, म्हणजे हीच खरी. झाले! जात सुधारली आणि तारीख पुन्हा बिघडली. कोणी लबाडी केली नाही, कोणी आळस केला नाही. दोघांनी दोन बरोबर दुरुस्त्या केल्या, आणि एकीने दुसरीला पुसून टाकले.

याचे परिणाम सभासदांना सांगायला नकोत. तोडणीची पाळी महिन्याभराने मागे गेली. ऊस तुऱ्यावर आलेला, पांगशा फुटल्या, दशी पडली, वजन घटले. बिल उशिरा, म्हणून सोसायटीचा हप्ता उशिरा. खोडवा मागे पडला तो वेगळाच. पण त्या सभासदांनी आम्हाला जे सांगितले ते आमच्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "साहेब, पैशापरीस माझी पावती खोटी पडली ह्याचं वाईट वाटलं."

दोन वह्या ठेवायच्याच कशाला?

कोणी म्हणेल, एकच वही ठेवा, भानगडच नको. पण आपल्या कार्यक्षेत्रात ओढ्याकाठचे, डोंगराच्या कुशीतले कितीतरी फड असे आहेत की तिथे मोबाईलला रेंज मिळत नाही. चिटबॉयला नोंद तर बांधावरच केली पाहिजे. तेव्हा मोबाईलमध्ये एक प्रत आणि संगणकात एक प्रत, अशा दोन प्रती ठेवाव्याच लागतात.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हाही दोन वह्या होत्याच. चिटबॉयच्या खिशात डायरी, आणि गट ऑफिसात मोठे नोंद रजिस्टर. आठवड्याला डायरीवरून रजिस्टरात उतरवून घ्यायचे. मग तेव्हा हा गोंधळ का होत नव्हता? कारण तेव्हाचा रस्ता एकेरी होता. डायरीतून रजिस्टरात एवढेच जायचे. रजिस्टरातली दुरुस्ती कोणी डायरीत उतरवत नसे, आणि जुनी डायरी पुन्हा रजिस्टरावर चढवतही नसे. कच्ची वही कच्ची आणि पक्की वही पक्की, हे ठरलेले होते.

मोबाईल आल्यावर रस्ता दुहेरी झाला. वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून नोंदी जाऊ-येऊ लागल्या, आणि दोन्ही ठिकाणी त्या बदलू लागल्या. कच्ची वही कोणती आणि पक्की कोणती, हे राहिलेच नाही. 'सिंक' म्हणजे या दोन वह्यांचा मेळ घालणे. दुधाच्या डेअरीत आपल्या हातातले कार्ड आणि संस्थेचे रजिस्टर आपण महिन्याला ताडून पाहतो, तेच हे काम. फरक इतकाच की इथे ताडणारा माणूस नसून यंत्र असते, आणि यंत्राला जेवढे सांगितले तेवढेच कळते.

हा प्रश्न जुनाच आहे

हा प्रश्न आपल्याच कारखान्याला पडला असे नाही. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत पाम कंपनीने 'पायलट' नावाचे तळहातावर मावणारे यंत्र बाजारात आणले. तेव्हा ही कंपनी यू. एस. रोबोटिक्स या कंपनीच्या मालकीची होती. त्यात पत्ते, भेटींच्या वेळा, कामांच्या याद्या ठेवायच्या. दोन छोट्या सेलवर ते चाले. पहिल्या नमुन्याची स्मृती अवघी १२८ किलोबाईट होती, म्हणजे आज मोबाईलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही.

त्याआधीही अशी यंत्रे निघाली होती, पण हे लोकांनी उचलून धरले. त्याचे एक मोठे कारण म्हणजे मेळ घालण्याची सोय. टेबलावर संगणकाला जोडलेली एक बैठक असे. तिला इंग्रजीत पाळणा याच अर्थाचा शब्द होता. यंत्र त्या पाळण्यात ठेवायचे आणि एक बटण दाबायचे. थोड्या वेळात दोन्हीकडच्या नोंदी सारख्या! तिने संगणकात लिहिलेले यंत्रात आले, यंत्रात लिहिलेले संगणकात गेले.

हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. आपल्या मोबाईलच्या मागची युक्तीही त्याच जातीची आहे.

(१) प्रत्येक नोंदीला एक स्वतंत्र क्रमांक. माणसाचे नाव बदलले, पत्ता बदलला, तरी क्रमांक तोच. त्यामुळे 'ही तीच नोंद' हे यंत्राला ओळखता येते.

(२) प्रत्येक नोंदीवर एक खूण. मागच्या मेळानंतर नोंद बदलली असेल तर 'बदलली' अशी खूण लागते. मेळ झाला की खूण निघते. त्यामुळे सगळी वही वाचायला नको. खुणेच्याच नोंदी पाहिल्या की काम भागते.

(३) खोडलेल्या नोंदीवरही खूण. नोंद खोडली तरी ती लगेच नाहीशी करायची नाही. 'खोडली' अशी खूण ठेवायची, समोरच्या वहीलाही ते कळू द्यायचे, आणि मगच काढून टाकायची.

(४) मध्ये तिसरा संगणक आला तर सावध राहायचे. समजा, यंत्राचा मेळ एकदा घरच्या संगणकाशी घातला आणि एकदा कचेरीतल्या. पहिल्या मेळातच खुणा निघून गेल्या. आता दुसऱ्या संगणकाला काय बदलले हे कळणार कसे? म्हणून पायलट यंत्र आधी पाही की मागच्या खेपेस हाच संगणक होता का. तोच असेल तर खुणा पाहून झटपट मेळ. दुसरा असेल तर सगळ्या नोंदी एकेक करून मागच्या प्रतीशी ताडायच्या. वेळ लागे, पण चूक टळे.

(५) एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल तर निवाडा करायचा नाही. दोन्ही नोंदी ठेवायच्या आणि मालकाला दाखवायच्या. एकीकडे खोडली आणि दुसरीकडे बदलली असेल, तर बदललेली ठेवायची. कारण जास्तीची नोंद नंतर काढता येते, गेलेली परत आणता येत नाही.

या पाचव्या नियमाकडे सभासदांनी नीट लक्ष द्यावे. आमच्या घटनेत नेमका हाच पाळला गेला नाही.

'नंतरचे ते खरे' यातला धोका

आमच्या संगणकाचा नियम होता : दोन नोंदी जुळत नसतील तर ज्या नोंदीवर नंतरची वेळ, ती खरी. ऐकायला बरे वाटते. पण यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा घड्याळाचा. प्रत्येक मोबाईलचे घड्याळ निराळे. कोणी तारीख-वेळ हाताने लावतो, कोणाचे घड्याळ बॅटरी संपल्यावर मागे पडते. मग काल केलेली नोंद आज केल्यासारखी दिसते. लेस्ली लँपोर्ट नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७८ साली याच प्रश्नावर एक गाजलेला निबंध लिहिला. वेगवेगळ्या यंत्रांत घडलेल्या गोष्टींचा क्रम निव्वळ घड्याळावर ठरवू नये, प्रत्येक यंत्राने वाढत जाणारा एक आकडा ठेवावा आणि निरोपाबरोबर तो पाठवावा, असा मार्ग त्यांनी दाखवला. पुढे २०१३ साली त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

दुसरा खड्डा आख्ख्या नोंदीचा. नोंदीत सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख असे अनेक रकाने असतात. एकाने तारीख बदलली, दुसऱ्याने जात बदलली. रकानावार पाहिले तर यात भांडण काहीच नाही, दोन्ही दुरुस्त्या राहू शकतात. पण आख्खी नोंद एक समजून जुनी काढली आणि नवी बसवली, की एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या पायाखाली जाते.

तिसरा खड्डा सगळ्यांत मोठा. नंतरचे ते खरे, हे मुळात कोणी सांगितले? नंतरची नोंद ही फक्त नंतरची असते. खरी तारीख ज्या दिवशी सरीत टिपरी पडली तीच. ती ना मोबाईलात आहे, ना संगणकात. ती शेतात आहे, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात आहे.

आणखी तीन प्रकारचे घोटाळे

शोध घेताना आम्हाला अशाच जातीच्या आणखी काही चुका दिसल्या. त्यांचीही माहिती सभासदांना असावी.

(अ) दुबार नोंद. चिटबॉय बटण दाबतो, नोंद जाते, पण 'पोचली' असे उत्तर येण्याआधीच रेंज जाते. त्याला वाटते गेलीच नाही. तो पुन्हा दाबतो. आता संगणकात एकाच प्लॉटच्या दोन नोंदी! कागदावर क्षेत्र दुप्पट, उसाचा अंदाज दुप्पट, आणि सारे तोडणी नियोजन खोटे. उपाय असा की नोंदीचा क्रमांक पाठवताना पडू नये, बांधावर नोंद करतानाच मोबाईलमध्ये पडावा. मग तीच नोंद दहा वेळा आली तरी संगणक ती एकदाच घेईल. पण दोन मोबाईलमध्ये एकच क्रमांक पडला तर? त्याचे उत्तर आपल्या पावती पुस्तकातच आहे. पावती नंबर १०१ प्रत्येक पुस्तकात असतो, म्हणून आपण पुस्तक नंबरही लिहितो. तसे मोबाईलचा क्रमांक आधी आणि नोंदीचा क्रमांक नंतर, असे दोन्ही मिळून लिहायचे.

(आ) मेलेली नोंद जिवंत होणे. एखाद्या सभासदाने प्लॉट बेण्याला दिला किंवा दुष्काळात चाऱ्याला तोडला. ऑफिसात नोंद रद्द झाली, म्हणजे संगणकातून पुसून टाकली. पण एका मोबाईलमध्ये ती अजून आहे. पुढच्या मेळात मोबाईल म्हणतो, "माझ्याकडे ही एक नोंद आहे, तुमच्याकडे नाही." संगणक तिला नवी समजून आत घेतो. जुन्या काळी रजिस्टराचे पान कोणी फाडत नसे. लाल शाईने आडवी रेघ मारून 'रद्द' लिहीत, तारीख घालत आणि सही करीत. तेच शहाणपण इथे लागते. नोंद पुसायची नाही, 'रद्द' अशी खूण करून ठेवायची, आणि सर्व मोबाईलना ती खूण पोचेपर्यंत ठेवायची.

(इ) जुळलेली पण चुकीची नोंद. एका ठिकाणी क्षेत्राच्या रकान्यात ०.४० असे पडले होते. ते हेक्टर समजले तर ४० आर, म्हणजे जवळजवळ एक एकर. एकर समजले तर १६ गुंठे! मोबाईलात ०.४० आणि संगणकातही ०.४०. मेळ बिनचूक, नोंद चूक. तेव्हा सभासदांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मेळ बसला म्हणजे दोन्हीकडे सारखे झाले, एवढेच. सारखे झाले म्हणजे खरे झाले, असे नव्हे.

वारणेचा धडा

आपल्या शेजारचेच एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. वारणानगरच्या परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे ७० गावांत संगणक ठेवून ऊस उत्पादकांना आपली माहिती गावातच मिळावी, असा त्याचा हेतू होता. सहकारी साखर कारखानदारीत हे मोठे धाडस होते. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी तिथल्याच सात गावांत वेगळा प्रयोग केला. शेतकऱ्याने साध्या मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा, आणि ऑफिसातल्या संगणकाने त्याच्या उसाचे वजन, खताची उचल, खात्याची माहिती एसएमएसनेच कळवायची. या प्रयोगाला त्यांनी 'वारणा अनवायर्ड' असे नाव दिले.

आमच्या विषयापुरता यातून एक विचार घेण्यासारखा आहे. ज्याला फक्त विचारायचे आहे, त्याच्याकडे प्रत ठेवायची गरजच नाही. वही एकच, आणि ती जिथे आहे तिथे निरोप पाठवून विचारायचे. प्रत नाही, म्हणून मेळही नाही आणि भांडणही नाही. पण ज्याला बांधावर, रेंज नसताना, लिहायचे आहे त्याला प्रत द्यावीच लागते. तेव्हा प्रत फक्त त्यालाच द्यावी, आणि मेळाचे नियमही त्याच्यासाठीच कडक करावेत. सभासदाला विचारण्याची सोय, आणि चिटबॉयला लिहिण्याची सोय. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर निम्मा घोटाळा आपोआप कमी होतो.

खात्याने काय ठरवले?

झाल्या प्रकारानंतर शेतकी खात्याने पुढील गोष्टी ठरवून अंमलात आणल्या आहेत.

(१) चिटबॉयने सकाळी गावात जाण्यापूर्वी गट ऑफिसातील ताज्या नोंदी आधी मोबाईलमध्ये उतरवून घ्यायच्या, मगच बांधावर जायचे. संध्याकाळी परत आल्यावर दिवसभराच्या नोंदी वर चढवायच्या. कोणताही मोबाईल एका दिवसापेक्षा जास्त काळ मेळाविना राहू द्यायचा नाही.

(२) आख्खी नोंद बदलायची नाही. जो रकाना बदलला तेवढाच जाईल.

(३) प्रत्येक नोंदीला दुरुस्तीचा आकडा राहील. नोंद पहिल्यांदा झाली की १, एकदा दुरुस्त झाली की २, याप्रमाणे. मोबाईल म्हणाला, "मी १ वरून दुरुस्ती केली," आणि संगणकात आकडा २ असेल, तर यंत्राला कळेल की मधल्या वेळात दुसऱ्या कोणी हात लावला आहे. रकाने वेगळे असतील तर दोन्ही दुरुस्त्या राहतील. रकाना एकच असेल तर नोंद थांबवून ठेवायची. घड्याळावरून निकाल द्यायचा नाही.

(४) थांबलेल्या नोंदींची यादी रोज गट ऑफिसात निघेल. त्यातील लागण तारीख आणि क्षेत्राचा निकाल गटप्रमुखांनी सभासदाला विचारून, गरज पडल्यास प्लॉटवर जाऊन द्यायचा. निकाल कोणी आणि कोणत्या तारखेला दिला, ते नोंदीत राहील.

(५) लागण तारीख बदलली की त्याच दिवशी सभासदाच्या मोबाईलवर संदेश जाईल. जुनी तारीख अमुक, नवी तारीख तमुक. ही गोष्ट आधी असती, तर आमच्या त्या सभासदांना ऑगस्टमध्येच कळले असते. सभेपर्यंत वाट पाहावी लागली नसती.

सभासदांनी काय करावे?

यंत्राची काळजी आम्ही घेऊ. पण नोंद आपली आहे, सबब पुढील चार गोष्टी सभासदांनी कराव्यात, ही विनंती.

(१) पावती मिळताच बांधावरच वाचावी किंवा वाचून घ्यावी. सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र व त्याचे माप, जात, आणि लागण तारीख. हे पाच रकाने पाहायला दोन मिनिटे लागतात. तारखेतला महिना अक्षरात आहे की नाही तेही पाहावे.

(२) दुरुस्ती झाल्यावर जुनी पावती फेकू नये. नव्या पावतीला जोडून ठेवावी. आमच्या शोधात आम्हाला सर्वांत मोठी मदत झाली ती त्या सभासदांनी जपून ठेवलेल्या दोन पावत्यांची. संगणकात जुनी तारीख पुसली गेली होती, कागदावर ती होती.

(३) एकाच दुरुस्तीसाठी दोन ठिकाणी सांगू नये. चिटबॉयला बांधावर सांगितले, मुलाने गट ऑफिसात सांगितले, पाहुण्याने मुख्य ऑफिसात फोन केला, असे झाले की तीन हात एकाच नोंदीला लागतात. जिथे सांगितले तिथूनच पावती घ्यावी.

(४) दसऱ्यापूर्वी एकदा गट ऑफिसात येऊन आपल्या नावाची यादी पाहावी. तोडणी कार्यक्रम लागण्याआधी सापडलेली चूक पाच मिनिटांत दुरुस्त होते. टोळी फडात उतरल्यावर सापडलेली चूक कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

शेवटी

काही सभासद म्हणतात, त्यापेक्षा जुने रजिस्टरच बरे होते. आम्हाला तसे वाटत नाही. रजिस्टरातही चुका होत्याच, पण त्या रजिस्टरातच गाडल्या जात. आज नोंद कोणी बदलली, कधी बदलली, आधी काय होती, हे सगळे ठेवता येते, आणि सभासदाला घरबसल्या कळवताही येते. मात्र ते ठेवायचे असे आधी ठरवावे लागते. आम्ही ते ठरवले नव्हते. यंत्राने निवाडा केला, आणि आम्ही तो निवाडा आहे हे ओळखलेही नाही.

त्या सभासदांकडे आम्ही नंतर जाऊन आलो. झालेले नुकसान भरून देणे आमच्या हाती नव्हते, चूक कबूल करणे होते, ते केले. त्यांनी चहा दिला, आणि पुढच्या लागणीचा प्लॉट दाखवायला स्वतः बरोबर आले. चिटबॉयने नोंद केली, पावती निघाली. त्यांनी ती नातवाकडे दिली. नातवाने सभासद क्रमांकापासून तारखेपर्यंत मोठ्याने वाचली. मग आबांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता ही अन् तुमच्या कॉम्प्युटरातली, एकच हाय न्हवं?"

आम्ही संध्याकाळी गट ऑफिसात जाऊन पाहिले, आणि मगच त्यांना फोन करून 'होय' सांगितले. प्रत्येक सभासदाला हे उत्तर न विचारता मिळावे, यासाठी खाते प्रयत्नशील आहे. तरी सर्व सभासदांनी आपापल्या नोंदी तपासून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते